परदेशातून आलेल्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा गट : नवी मुंबई-ठाण्यात कसा चालवावा?

खाडीकाठ

नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यात शिकायला येणारे परदेशी विद्यार्थी बरेच आहेत. काहींसोबत बायको-मुलंही येतात. टांझानिया, इथिओपिया, येमेन, अफगाणिस्तान, काँगो, मोझांबिक अशा देशांतून आलेल्या या मंडळींना कॉलेजचं लेक्चर, घरमालक, दुकानदार आणि दवाखाना अशा चारही ठिकाणी इंग्रजी लागतं, आणि चारही ठिकाणचं इंग्रजी वेगळं असतं. त्यातून आठवडाभर कोणाशी मोकळेपणी चार वाक्यं बोलणं होत नाही, ही अडचण व्याकरणापेक्षा मोठी. वाशी आणि ठाण्यात असे गट सुरू करायचं काही जणांच्या मनात आहे, म्हणून पद्धत तपशिलात मांडतो. भर घाला, चुकत असेल तिथे टोका.

गटाचा कणा म्हणजे टेबल. एका टेबलाला एक स्वयंसेवक आणि चार नवागत. चौघांत निदान तीन मातृभाषा हव्यात. दोन अरबी बोलणारे शेजारी बसले की पाचव्या मिनिटाला अरबी सुरू होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ही पाच माणसं आठ आठवडे तीच ठेवायची. दर शनिवारी टेबलं बदलणारे गट दोन महिन्यांत रिकामे होतात, कारण प्रत्येक वेळी ‘नाव काय, देश कुठला, काय शिकतोस’ एवढंच होतं आणि गप्पा त्यापुढे सरकत नाहीत. ‘मागच्या आठवड्यात तुझ्या मुलाला ताप होता, आता कसा आहे?’ हे विचारता येणं म्हणजे ओळख. ती तीच माणसं पुन्हा भेटल्याशिवाय होत नाही.

वेळ दोन तास. पहिली १५ मिनिटं चहा आणि उशिरा येणाऱ्यांसाठी, १० मिनिटं सोपी सुरुवात, ४० मिनिटं मुख्य काम, १० मिनिटं सुट्टी, ३० मिनिटं दुसरं काम आणि शेवटची १५ मिनिटं पुढच्या आठवड्याची ठरवाठरवी. एकच काम ७० मिनिटं ओढलं तर कच्चं इंग्रजी असलेला माणूस दमतो. परक्या भाषेत ऐकत राहणं फार थकवतं, हे स्वयंसेवकांच्या लक्षात येत नाही.

वार शनिवार, दुपारी ४ ते ६. रविवार सगळ्यांना आधी सुचतो, पण बरेच आफ्रिकी विद्यार्थी रविवारी चर्चला जातात आणि त्यांची प्रार्थना दुपारपर्यंत चालते. शिवाय हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला की तो रविवारीच. शुक्रवारी दुपारी नमाज. रमजानमध्ये ४ ते ५:१५ एवढंच ठेवा, म्हणजे लोक सूर्यास्ताआधी घरी पोचतात. त्या महिन्यात चहाचं टेबल खोलीच्या बाहेर न्या.

जागेबद्दल एवढंच : शाळेचे खिळवलेले बाक नकोत, सुट्या प्लास्टिक खुर्च्या हव्यात. सोसायटीच्या फरशीवाल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. २० बाय ३० फुटांच्या हॉलमध्ये चार टेबलं चार कोपऱ्यांत बसतात, पाचवं मध्ये टाकलं की शेजारचं ऐकू येऊन सगळेच आवाज चढवतात. खाली सतरंज्या अंथरल्या तर बराच फरक पडतो.

मोगरा_ऐरोली

फार उपयोगी धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका : कोणाला किती येतं हे कसं ठरवायचं? लेखी परीक्षा घेतली तर लोक पळून जातील ना?

खाडीकाठ

लेखी नकोच, ताई. लेखी परीक्षेतून बोलण्याचा अंदाज लागत नाही. काही जणांचं व्याकरण पक्कं असतं आणि तोंडातून वाक्य फुटत नाही. दुसरीकडे पूर्व आफ्रिकेतले काही जण सफाईने बोलतात आणि त्यांना अर्ज लिहिता येत नाही.

पाच मिनिटांची तोंडी भेट पुरते. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे न्यायचे : नाव आणि राहण्याची जागा; काल दिवसभर काय केलं; तुझ्या गावाहून इथे कसं पोचायचं ते सांग; इथलं कॉलेज आणि तिथली शाळा यांत फरक काय; भाड्याच्या घराचा एखादा नियम तुला चुकीचा वाटतो का, आणि का. ज्या प्रश्नाला माणूस अडखळून थांबतो, त्याच्या आधीची पायरी ही त्याची पायरी. पहिल्या दोन प्रश्नांपर्यंतच पोचला तर ए-१, तिसरा जमला तर ए-२, चौथा जमला तर बी-१, पाचव्यात कारणं देऊन बोलला तर बी-२. युरोपच्या परिषदेने २००१ साली आणलेली ए-१ ते सी-२ ही सहा पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरतात. विद्यार्थ्यांनाही ती माहीत असते, त्यामुळे समजावत बसावं लागत नाही. आपली चाचणी ढोबळ आहे, पण टेबल ठरवायला तेवढी चालते.

टेबलावर शेजारच्या दोन पायऱ्यांची माणसं एकत्र बसवा. ए-१ आणि बी-२ एकत्र आले की एक बोलत राहतो आणि दुसरा हसून मान डोलावत राहतो. तसं मान डोलावणं म्हणजे कळलं असं समजू नका. ‘कळलं का?’ असं विचारूच नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘आता तू काय करणार आहेस?’ असं विचारा.

ध्वनिविचार

उच्चार आणि चुकांबद्दल लिहितो. कोणाची चूक कुठून येते हे माहीत असलं की स्वयंसेवकाचा धीर सुटत नाही.

अरबीत ‘प’ नाही, म्हणून पार्किंगचं बार्किंग होतं. वर्तमानकाळात ‘आहे’सारखं क्रियापद लागत नाही, म्हणून ‘ही डॉक्टर’ (इंग्रजी ‘ही’, म्हणजे तो) असं वाक्य येतं, मधला ‘इज’ गळतो. लिपी उजवीकडून डावीकडे आणि मोठी-लहान अक्षरं हा प्रकारच नाही. त्यामुळे फॉर्म भरताना वेळ लागतो, त्याचा बुद्धीशी संबंध नाही. अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, स्वाहिलीतही तसंच. म्हणून बायकोबद्दल बोलताना इंग्रजी ‘ही’ येतं आणि ऐकणारा गोंधळतो. दरीवाले ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणतात, ते तर आपल्या कानाला ओळखीचंच आहे. काँगोतून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्यांचा ‘ह’ गळतो. स्वाहिलीतले शब्द स्वरात संपतात, म्हणून इंग्रजी शब्दाच्या शेवटी एखादा जास्तीचा स्वर येतो. इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे त्यांची उलटसुलट वाक्यं मराठी माणसाला पटकन उमगतात. याचा फायदा घ्या.

सुधारणा कशी करायची? बोलताना मध्ये तोडायचं नाही. समोर एक कागद ठेवा, ज्या चुकीने अर्थ बिघडला तेवढीच टिपा, आणि काम संपल्यावर प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन सांगा. ‘ही’च्या जागी ‘शी’ हवं होतं, हे सांगण्यासारखं. ‘ए’ आणि ‘द’ गळले, हे सोडून द्या. माणूस वाक्य पुरं करायला घाबरू लागला तर पुढचे सात आठवडे वाया जातात.

आता आपल्या बाजूच्या खोडी. आपण फार भरभर बोलतो. ‘व’ एकच असल्याने ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ ऐकणाऱ्याला सारखेच वाटतात. फोन नंबर सांगताना ‘डबल नाइन, ट्रिपल फोर’ म्हणतो, ते नवख्याला झेपत नाही, एकेक आकडा सांगा. लाख आणि कोटी तर पहिल्याच आठवड्यात शिकवा. घराचं डिपॉझिट ‘वन लॅक’ ऐकल्यावर ते किती हे न कळताच हो म्हणणारे असतात. १,००,००० असा स्वल्पविराम पाहिला की वाचणाराही गडबडतो. आणि आपण मान दोन्ही बाजूंना डोलावतो ते ‘हो’ की ‘नाही’, हे पहिल्याच दिवशी प्रात्यक्षिक करून दाखवा. एकदा कळलं की लोक आठवडाभर रस्त्यात तेच बघत हिंडतात.

पारसिक_बोगदा

मूळ मुद्द्याला धरून एक विचारतो, राग मानू नका. महाराष्ट्रात राहायला आलेल्या माणसाला आपण मराठी का शिकवत नाही? इंग्रजी त्याला कॉलेज शिकवेलच.

खाडीकाठ

राग कसला, रास्त प्रश्न आहे.

कॉलेज इंग्रजीत शिकवतं, इंग्रजी शिकवत नाही. पहिल्या सत्रात विषय समजला नाही तर त्या विद्यार्थ्याची फी आणि वर्ष दोन्ही पणाला लागतात. परीक्षा, बँक, व्हिसाचे अर्ज, दवाखान्यातले कागद इंग्रजीत. म्हणून आधी इंग्रजी.

मोगरा_ऐरोली

दोन्ही जमतं की. शेवटच्या १५ मिनिटांतली १० मराठीला द्या. आठवड्याला पाच वाक्यं, त्याहून जास्त नको. आठ आठवड्यांत चाळीस होतात आणि रोजच्या व्यवहाराला तेवढी पुरतात. ‘केवढ्याला दिलं?’, ‘सुट्टे नाहीत’, ‘इथेच थांबवा’, ‘तिखट नको’, ‘जरा हळू बोला’. वाक्य आख्खं पाठ करून घ्यायचं, व्याकरण सांगायचं नाही. त्याच आठवड्यात एकदा तरी ते बाजारात वापरून यायचं आणि समोरचा काय म्हणाला ते पुढच्या शनिवारी इंग्रजीत सांगायचं. भाजीवालीला मराठीत भाव विचारला की तिचा चेहरा बदलतो आणि ती आपणहून बोलायला लागते. घरमालकाच्या आईशी दोन शब्द झाले की सोसायटीतलं वारंही बदलतं. मैत्रीच्या दृष्टीने ही दहा मिनिटं सगळ्यात कामाची.

पारसिक_बोगदा

पटलं. पाच वाक्यांची यादी करायला मदत करीन.

सानपाडा_७

मुख्य काम ४० मिनिटांचं म्हणालात, त्यात नेमकं काय करायचं? ‘गप्पा मारा’ म्हटलं की गप्पा होत नाहीत, स्वयंसेवक एकटाच बोलत सुटतो.

ध्वनिविचार

खरं आहे, आणि गट बिघडण्याचं पहिलं कारण तेच. स्वयंसेवकाचं बोलणं टेबलावरच्या एकूण बोलण्याच्या एक-तृतीयांशाच्या आत राहिलं पाहिजे. दुसऱ्या कोणाला तरी दहा मिनिटं घड्याळ लावून बसवा आणि मोजा. बहुतेक वेळा आकडा निम्म्याच्या वर निघतो.

गप्पांना निमित्त लागतं. सगळ्यात खात्रीचा प्रकार म्हणजे अर्धी माहिती एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे. एकाच्या कागदावर ठाणे-वाशी गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर फलाटांचे क्रमांक आणि कुठल्या गाड्या रद्द ते. कागद दाखवायचे नाहीत, विचारून विचारून ठरवायचं की पाचच्या आत वाशीला पोचायला कुठली गाडी धरायची. हेच भाड्याच्या दोन घरांवर करता येतं, दोन औषधांच्या चिठ्ठ्यांवर करता येतं.

औषधाच्या चिठ्ठीचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे डॉक्टर ‘१-०-१’ लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. बाहेरून आलेल्याला ती खूण कळेलच असं नाही, आणि विचारायला तो लाजतो. खऱ्या चिठ्ठीसारखा कागद करा (कोणा रुग्णाची खरी चिठ्ठी नको), त्यावर १-०-१, ०-०-१, १-१-१ लिहा आणि सोबत ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’, ‘पाच दिवस’. मग एकाने केमिस्ट व्हायचं, दुसऱ्याने गिऱ्हाईक. गोळ्या एकूण किती लागतील याचा हिशेब गिऱ्हाइकाने करून दाखवायचा. तीस मिनिटं कशी जातात कळत नाही, आणि शिकलेलं लगेच कामी येतं.

बी-१ च्या वरच्यांसाठी ४-३-२ घ्या. पॉल नेशन या भाषाशिक्षण-अभ्यासकाच्या लिखाणामुळे ही पद्धत माहीत झाली. एकाच विषयावर एका जोडीदाराला चार मिनिटं सांगायचं, तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तेच तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून सांगणाऱ्याला कंटाळा येत नाही. मजकूर तोच, म्हणून शब्द शोधण्यात वेळ जात नाही आणि बोलणं आपोआप सुटं होतं. विषय ओळखीचाच द्या : घरी लग्न कसं होतं, पाऊस कधी पडतो, एखादा पदार्थ कसा करतात. ए-१ ला हे देऊ नका, दोन मिनिटांतच साठा संपतो आणि माणूस हिरमुसतो.

बेलापूर_किल्ला

वेळ आणि तारखांचा घोळ या यादीत हवाच.

इथिओपियात घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. स्वाहिलीतही तीच रीत, टांझानिया-केनियात ‘सा म्बिली’ म्हणजे दोनचा ठोका, पण आपले आठ. इंग्रजीत बोलताना बहुतेक जण बदल करून सांगतात, तरी नवा माणूस कधी सहा तासांनी चुकतो. गट चार वाजता आहे असं सांगून कोणी दहा वाजता दाराशी येऊन गेला, तर त्याला बेशिस्त म्हणू नका. वेळ नेहमी ‘१६:००’ अशी चोवीस तासांत लिहा आणि सोबत ‘दुपारच्या जेवणानंतर’ असंही सांगा.

इथिओपियाची दिनदर्शिकाच वेगळी. तेरा महिने, वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे, नवं वर्ष ११ सप्टेंबरला (काही वर्षी १२ ला). अफगाणिस्तानातून आलेल्यांचं वर्ष मार्चमध्ये नवरोजला सुरू होतं. काहींना जन्माचं वर्षच माहीत असतं, तारीख नसते, म्हणून पासपोर्टवर १ जानेवारी दिसते. त्यावरून चेष्टा होता कामा नये.

नावांचंही तसंच. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. आपण शेवटचं नाव घेऊन ‘मिस्टर अमुक’ म्हणतो, तेव्हा त्याच्या वडिलांना किंवा आजोबांना हाक मारत असतो. काही अफगाण पासपोर्टवर एकच नाव असतं आणि ऑनलाइन फॉर्म दुसरा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. फॉर्म भरण्याचा एक आख्खा शनिवार ठेवा. नियम एकच शिकवा : पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरासकट, सगळीकडे. बँकेत एक स्पेलिंग आणि कॉलेजात दुसरं झालं की पुढे महिनोन्‌महिने हेलपाटे.

सानपाडा_७

कागदपत्रांवरून विचारतो. व्हिसा, नोंदणी यात गटाने किती पडायचं?

बेलापूर_किल्ला

सल्ला द्यायचा नाही, माहिती द्यायची आणि योग्य ठिकाणी पाठवायचं. एवढं प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत हवं : १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने सर्वसाधारणपणे भारतात पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करायची असते, ती ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावरून होते. घर देणाऱ्याने परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, तिला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. ही जबाबदारी मालकाची. हे माहीत नसलेले मालक ‘भानगड नको’ म्हणून घर नाकारतात. त्यांना समोर बसवून रीत दाखवली तर काही जण तयार होतात. रंगावरून घर नाकारणारेही आहेत. तिथे आपल्यापैकी कोणीतरी सोबत जाऊन मालकाशी मराठीत बोललं पाहिजे. आपल्या शहरात कोणी पाहुण्यासारखा आला आणि त्याला जिन्यातून परत पाठवलं, हे आपल्याला खटकलंच पाहिजे.

कोणाचा पासपोर्ट ‘जपून ठेवायला’ घ्यायचा नाही. पैसे उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत. नोकरी शोधून देतो म्हणायचं नाही, विद्यार्थी व्हिसावर ती करता येत नाही. ११२ ला फोन करून पत्ता सांगणं आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, ही दोन संभाषणं मात्र प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घ्या. पत्त्यात नोड (वाशी, नेरूळ, खारघर असा शहराचा भाग), सेक्टर, प्लॉट, इमारत आणि जवळची खूण हा क्रम. नवी मुंबईत सेक्टर सांगितला आणि नोड सांगितला नाही तर काही उपयोग नाही, सेक्टर १० बहुतेक नोडमध्ये सापडेल.

मोगरा_ऐरोली

महिलांसाठी वेगळं टेबल ठेवावं की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत : ठेवावं, पण तिथे बसायची सक्ती नको. नवऱ्यासोबत आलेल्या काही जणी पुरुष असलेल्या टेबलावर तोंडच उघडत नाहीत, आणि नवरा शेजारी असला तर उत्तर तोच देतो. वेगळ्या टेबलावर त्याच दुसऱ्या आठवड्याला भरभरून बोलतात.

मुलांसाठी कोपरा हवाच, नाहीतर आया येत नाहीत. चटई, खडू, चित्रांचे कागद, आणि मुलांपाशी कायम दोन मोठी माणसं. एकट्या माणसावर मुलं सोपवायची नाहीत, तो कितीही ओळखीचा असो. कोपरा त्याच खोलीत, आईला दिसेल असा.

फोन नंबरांची काळजी घ्या. साधा व्हॉट्सॅप ग्रुप केला की बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि रात्री ‘हाय’ सुरू होतं. कम्युनिटीचा घोषणा-गट वापरा, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, फेसबुकवर तर नाहीच. युद्ध चालू असलेल्या देशातून आलेल्या माणसाचा फोटो तिकडे घरच्यांना धोक्यात टाकू शकतो. त्याच कारणाने ‘तू देश का सोडलास?’ हा प्रश्न टेबलावर येऊ देऊ नका. सांगायचं असेल तेव्हा माणूस आपणहून सांगतो.

तलावपाळी

ठाण्यातून लिहितोय. घोडबंदर रोडच्या संकुलांमध्ये कंपनीच्या कामाने आलेली कुटुंबं असतात, त्यात कोरियन किंवा जपानी असू शकतात. त्यांना हीच पद्धत चालेल का?

ध्वनिविचार

चालेल, पण सुरुवात वेगळी करा. त्यांचं शाळेतलं व्याकरण बहुधा आपल्यापेक्षा पक्कं असतं. अडतं ते चूक होईल या भीतीने. एखाद्याला थेट प्रश्न टाकून सगळ्यांनी त्याच्याकडे बघत बसणं त्यांना फार जड जातं. आधी दोन मिनिटं लिहून काढायला द्या, मग शेजाऱ्याला सांगायला, मग टेबलाला. आणि गप्प बसलेल्याला दहा सेकंद तरी द्या. आपल्याला ती शांतता सहन होत नाही, लगेच आपणच वाक्य पुरं करून टाकतो. उच्चारात कोरियनांचा ‘फ’ हा ‘प’कडे झुकतो, जपान्यांना ‘र’ आणि ‘ल’ वेगळे काढायला कष्ट पडतात.

तलावपाळी

धन्यवाद. आता मैत्रीचं सांगा. वर्ग सुटला की सगळे पांगतात, तिथेच घोडं अडतं.

खाडीकाठ

मैत्री मोठ्या कार्यक्रमांतून होत नाही, असं माझं ठाम मत आहे. दिवाळी फराळ, गाणी, ‘आपापल्या देशाचा पोशाख घालून या’ हे सगळं छान दिसतं. त्यात नवागत मंचावर असतो आणि आपण प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला फोन करत नाही. फोन होतात ते छोट्या कामांवरून.

म्हणून प्रत्येक टेबलाला दर आठवड्याला एक काम द्यायचं, शनिवार सोडून, दोघा-तिघांनी मिळून, तासाभरात उरकणारं. वाशीच्या भाजी बाजारात पाच भाज्यांचे भाव विचारून लिहिणं. बेलापूर ते पेंधर मेट्रोने जाऊन येणं. पोस्टातून पाकीट पाठवणं. शिंप्याकडे पँट कमी करायला देणं, यात मापं, तारीख आणि घासाघीस तिन्ही येतात. सोबत इथला एक जण हवा, पण बोलायचं नवागताने. तीन आठवडे असं झालं की लोक स्वतःहून एकमेकांना विचारतात, ‘मला चष्मा करायचाय, येतोस का?’

फिरायला न्यायचं तर चालण्याची जागा निवडा. नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क, ठाण्यात मासुंदा तलाव किंवा उपवन. शेजारी शेजारी चालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे कच्च्या भाषेतही माणूस बोलतो. ऐरोलीहून खाडीत रोहित पक्षी बघायला जाणारी बोट सुंदर आहे, हिवाळ्यात अवश्य न्या, पण इंजिनाच्या आवाजात संभाषण होणार नाही आणि फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, हे धरून चाला. पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते. धबधबा पाहून हरखलेल्या नवख्याला हे आधीच आणि स्पष्ट सांगा.

बेलापूर_किल्ला

खाण्याचं एका ओळीत : हलाल काय, हे विचारून घ्या, आणि शंका असेल तर सरळ शाकाहारी ठेवा. इथिओपियन ऑर्थोडॉक्स मंडळींचा बुधवार-शुक्रवार उपास असतो आणि ईस्टरआधी सलग बरेच दिवस. त्यात दूध, तूप, अंडंही चालत नाही, म्हणजे आपला उपासाचा तुपातला पदार्थ त्यांना चालणार नाही. भाजलेले शेंगदाणे, केळी, कोरा चहा सगळ्यांना चालतं. शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे का तेवढं विचारा.

तलावपाळी

स्वयंसेवक टिकत नाहीत, हा दुसरा रडगाण्याचा विषय. सुरुवातीला पंधरा येतात, दिवाळीनंतर चार उरतात.

मोगरा_ऐरोली

कारण बहुधा एकच असतं, ते ‘शिकवायला’ आलेले असतात. फळा, काळ, क्रियापदाची तीन रूपं. समोरच्याला ते नको असतं आणि यांचा हिरमोड होतो. आधीच तीन तासांची तयारी बैठक घ्या. पहिला तास नुसतं बघणं. दुसऱ्या तासात त्यांनाच अनोळखी भाषेत काम करायला लावा, कोणी तमिळ किंवा बंगाली बोलणारा बोलावून त्याच्याकडून रस्ता विचारून घ्यायला सांगा. गप्प बसलेला माणूस मंद नसतो, हे त्या तासात कळतं आणि नंतर सांगावं लागत नाही. तिसऱ्या तासात नियम : पैसे नाहीत, धर्मप्रचार नाही, पक्षाचं राजकारण नाही, पहिल्या आठ आठवड्यांत एकट्याने कोणाच्या घरी जाणं नाही.

आणि शब्द आठ आठवड्यांपुरताच घ्या. ‘वर्षभर येईन’ म्हणणारे महिन्यात गळतात, ‘आठ शनिवार’ म्हणणारे आठही येतात. चार टेबलांना सहा स्वयंसेवक हवेत, दोन राखीव. महाविद्यालयीन मुलं परीक्षेच्या महिन्यांत मिळणार नाहीत. निवृत्त मंडळी वेळेवर येतात, पण त्यांना बोलू न देणं हे कसब आहे. त्यांच्या हातात ध्वनिविचार यांनी सांगितलेलं घड्याळ द्या.

ध्वनिविचार

मोगराताईंना पूर्ण अनुमोदन. त्याला जोडून : कॅनडात १९९२ पासून ‘लिंक’ नावाने आणि ऑस्ट्रेलियात १९४८ पासून सरकारी खर्चाने नवागतांना इंग्रजी शिकवतात. तिथली ग्रंथालयं आणि संस्था बोलण्याचे गट चालवतात ते त्या वर्गांच्या जोडीला. आपल्याकडे तशी सरकारी सोय नाही, म्हणून गटावरच सगळा भार टाकायचा मोह होतो आणि गटाची शाळा होते. ज्याला खरंच पायापासून व्याकरण हवं आहे त्याला ब्रिटिश कौन्सिलच्या फुकट संकेतस्थळावरचे धडे दाखवा, आठवड्यात दोन करून यायला सांगा, आणि शनिवारची वेळ बोलण्यालाच राखा.

सानपाडा_७

आठवडे संपल्यावर काय? तेच टेबल पुढे चालू ठेवायचं?

खाडीकाठ

नाही. दोन आठवडे सुट्टी, मग नवी टेबलं. जुन्या टेबलाला गटाबाहेर भेटायचं असेल तर भेटतील, आणि भेटले तरच आपलं काम झालं. ती पाच मिनिटांची तोंडी भेट पुन्हा घ्या, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. कोण कुठपर्यंत पुढे सरकला ते त्याला स्वतःलाच कळतं. बी-१ च्या पुढे गेलेल्यांना पुढच्या फेरीत स्वयंसेवकाच्या शेजारी मदतनीस म्हणून बसवा. नुकत्याच उतरलेल्या येमेनी मुलाला खारघरमध्ये घर कसं शोधायचं हे दोन वर्षं इथे काढलेला टांझानियन आपल्यापेक्षा चांगलं सांगतो.

तलावपाळी

ठाण्यात जूनऐवजी ऑगस्टमध्ये सुरू करावं म्हणतोय, प्रवेश उशिरा होतात म्हणून. पावसात शनिवारी हजेरी पडेल का?

खाडीकाठ

पडेल. जोराच्या पावसात निम्मे येतात असं धरूनच चाला. त्या दिवशी दोन टेबलं एकत्र करा आणि ४-३-२ घ्या, त्याला कागद लागत नाहीत. हॉल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत बघा, रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. आणि दाराशी छत्र्यांसाठी बादली ठेवा, फरशी ओली झाली की मुलांचा कोपरा आधी जातो.

तलावपाळी

हॉल बघायला या रविवारी निघतो. पारसिकदादा, मराठी वाक्यांची यादी इथेच टाका, ठाण्यासाठीही वापरू.

पारसिक_बोगदा

टाकतो. पहिल्या आठवड्याची पाच : ‘नमस्कार, मी इथे नवीन आहे.’ ‘हे केवढ्याला?’ ‘जरा हळू बोला.’ ‘मला मराठी थोडं थोडं येतं.’ ‘स्टेशन कुठल्या बाजूला?’ बाकीची आठवडावार देतो, बाजाराची आधी, दवाखान्याची नंतर.